मुकादम काका, तुमच्या खिशातले अकरा खडे

मुकादम काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे काही करत नाही, त्यामुळे हे पत्र तुमची मुलगी वाचून दाखवेल या भरवशावर लिहितेय. चारचौघांत लिहितेय, कारण ज्यांनी आम्हाला बुडवलं त्यांच्या नावानं दोन वर्षं चारचौघांत बोटं मोडली. मग तुमच्याबद्दल घरातल्या घरात कुजबुजून कसं चालेल?

आमच्या रस्त्याच्या नावातच घोडा. बंदरात घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. आता घोड्याला उरलीय ती मेट्रोचे खांब आणि टॉवर यांच्यामधली फट. त्या फटीत रायडिंगचं मैदान करायचं हा आमचा हट्ट.

आधीच्या साहेबांकडे लेझरचं यंत्र होतं, लॅपटॉपवर गोल फिरणारं चित्र होतं, चित्रात उडी मारणारा पांढराशुभ्र घोडा होता. पावसाळा तेवढा नव्हता. २० बाय ४० मीटरची जागा त्यांनी टेबलासारखी सपाट केली आणि वर वीतभर वाळू ओतली. ठाण्यात! जिथे वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. जुलैत तळं झालं. दिवाळीत सुकलं, तर वाळू अशी गोल दाण्याची की खुराखाली सांडलेल्या मोहरीसारखी पळायची. आमची काठेवाडी घोडी, ती कानांची टोकं एकमेकांना भिडवणारी, तिच्या पुढच्या डाव्या पायाची शीर सुजली. पाच महिने तबेल्यात उभी. फोन केला तर साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचा घोडा जड आहे."

तुम्ही शेजारच्या रस्त्याचं काम बघत होतात. एक दिवस कुंपणाशी थांबून विचारलंत, "ताई, यातलं पाणी जातं कुठं?" दोन वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. आम्हीही नाही, हे कबूल करते.

मग तुम्ही पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढलीत. २० मीटर रुंदीला २० सेंटिमीटर उतार, नाल्याच्या अंगाला. दाबलेला मुरूम, खडी, कापड, आणि सर्वांत वर कोनेदार दाण्याची धुतलेली वाळू, फक्त चार बोटं. मी म्हटलं, एवढीशीच? तर म्हणालात, "घोडीला चालायचंय ना? का पेरायचंय तिला?"

आमचे हे म्हणतात, हे सगळं पैसे मोजून कुणाकडूनही मिळालं असतं. असेल. ती संध्याकाळ नसती मिळाली.

वाळू पसरून झाली होती, माणसं निघून गेली होती. तुम्ही चपला काढून कुंपणाबाहेर ठेवल्यात, देवळाबाहेर ठेवतो तशा, आणि अनवाणी चालायला लागलात. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग एक पाऊल सरकून परत. मध्येच वाकायचात. मला वाटलं, काहीतरी हरवलंय. तासाभरानं, अंधार पडल्यावर, शर्टाचा खिसा माझ्या ओंजळीत रिकामा केलात. "खुरात एक जरी अडकला तरी जनावर लंगडतं. सांगणार कुणाला ते?" तुमच्या वडिलांचा पंढरपूरला टांगा होता, हे तेव्हा कळलं. खडे मी रात्री मोजले. अकरा. आठशे चौरस मीटरमध्ये अकरा! त्या तासाचे पैसे विचारले तर तुम्ही चक्क रागावलात.

तेव्हापासून मला अशी माणसं जास्त दिसायला लागलीत. म्हातारीला सोडून ती जिना चढेपर्यंत दिवा चालू ठेवून थांबणारा रिक्षावाला. टाके घालण्याआधी हात चोळून ऊब आणणारी नर्स. यांच्या कामाचं बिल होतच नाही, आणि आपणही बिल भरलं की सुटलो असं समजतो.

यंदा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मध्यरात्री बॅटरी घेऊन मैदानावर गेले. पाणी निमूट नाल्याकडे निघालं होतं, वाळू जागची हलली नव्हती. सकाळी उघडीप मिळाली, अकराला घोडी आत सोडली. तिनं मान खाली घालून हुंगलं, फुरफुरली, गुडघे दुमडले आणि चारी पाय वर करून मनसोक्त लोळली. तुम्ही फळीनं ओढून बसवलेली सगळी सपाटी मोडून टाकली बाईनं.

खडे खोगिरांच्या खोलीत बरणीत ठेवलेत. तुमचा टॉवेल कुंपणावरच राहिला होता, तो धुऊन ठेवलाय. न्यायला या. घोडी तेव्हा तबेल्यातच होती, तुमची-तिची भेट व्हायची राहिलीय. येताना गूळ आणा, तिला आवडतो.

तुमची,
घोडीवाली ताई