गाडीचा टॅक्स: आधी पूर्ण भरा, मग परत मागत बसा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परराज्यातल्या नंबरच्या गाड्या पकडून दंड करा, हे लोक टॅक्स चुकवतात, असं एका वाचकाचं पत्र तुमच्या पेपरात मध्यंतरी आलं होतं. ते वाचल्यापासून लिहायचं मनात होतं, आज वेळ मिळाला. मी पण अकरा महिने तशीच गाडी चालवत होते आणि रस्त्यात माझ्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं की ही टॅक्स बुडवतेय. पण टॅक्स मी भरला होता हो, पंधरा वर्षांचा, एकरकमी, गाडी शोरूममधून बाहेर पडायच्या आधीच. फक्त तो दुसऱ्या राज्याच्या तिजोरीत गेला होता.

झालं असं की 2019 मध्ये आम्ही कर्ज काढून गाडी घेतली तेव्हा मी शेजारच्या राज्यात नोकरीला होते. 2023 च्या जूनमध्ये नोकरी बदलली, महाराष्ट्रात परत आलो, सामान ट्रकमधून आणि आम्ही गाडीतून. एका मैत्रिणीने आधीच सांगून ठेवलं होतं की फास्टॅगचं स्टेटमेंट काढून गाडीत ठेव, टोलच्या नोंदीवरून गाडी या राज्यात कधी आली ते दाखवता येतं, आणि सामान आणणाऱ्याचं बिल पण टाकू नकोस. तिचे उपकार आहेत, कारण तीन वेळा गाडी अडवली गेली आणि तिन्ही वेळा पहिला प्रश्न तोच, गाडी इथे कधीपासून आहे. तारीख दाखवली की सोडायचे. ज्याच्याकडे असा कागद नसेल त्याने काय करायचं?

खरं तर कायदा यात अगदी सरळ आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो म्हणून इथे लिहिते. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 46 म्हणतं की एका राज्यात रजिस्टर झालेली गाडी भारतात दुसरीकडे पुन्हा रजिस्टर करायची गरज नाही. आणि कलम 47 म्हणतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर मात्र तिथला नवीन नंबर घ्यायला अर्ज करायचा. म्हणजे नंबर बदलायला बारा महिन्यांची मुदत आहे, ती कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. पाहुणे म्हणून आलेल्या, दोन महिन्यांच्या कामाला आलेल्या माणसाला तर नंबर बदलायचा प्रश्नच येत नाही. आता टॅक्सचे नियम प्रत्येक राज्याचे आपापले, त्यामुळे घोळ तिथून सुरू होतो, पण निदान "बाहेरचा नंबर म्हणजे चोर" हे तरी डोक्यातून काढायला हवं.

मी मुदतीच्या आत सगळं करायचं ठरवलं होतं आणि ऑगस्टमध्येच लागले. पहिलं काम एनओसी, म्हणजे जिथे गाडी रजिस्टर आहे तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला, फॉर्म 28. त्याच्यासोबत आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्सची पावती, थकलेली चलानं भरल्याचा पुरावा, आणि कर्ज असेल तर बँकेचा वेगळा ना हरकत दाखला. या बँकेच्या कागदातच माझे दोन महिने गेले. इथली शाखा म्हणायची कर्ज जिथे घेतलं तिथेच पत्र मिळेल, तिथली शाखा म्हणायची तुम्ही आता इथे राहत नाही तर पत्ता आधी बदला, आणि पत्ता बदलायला नवीन पत्त्याचा पुरावा हवा, तो भाडेकरार नोटरी केलेला चालत नाही, रजिस्टर्ड हवा. बरं, हप्ता एकही चुकलेला नाही! प्रत्येक वेळी ऑफिसमधून अर्धा दिवस रजा टाकून जायचं आणि नवीन कागदाचं नाव ऐकून परत यायचं.

मग एनओसीच्या अर्जासोबत लागणारी ती चेसिसची पेन्सिल प्रिंट. ज्यांनी कधी केली नाही त्यांना सांगते, गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला चेसिस नंबर असतो, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची म्हणजे नंबर कागदावर उमटतो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो ना, तसंच. आमच्या गाडीत तो नंबर सीटपाशी मॅटच्या खाली निघाला, चार वर्षांची धूळ आणि चिकट मळ बसलेला, रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढला, मी वाकून टॉर्च धरला आणि नवऱ्याने पेन्सिल घासली. तीन कागद फाटले, चौथा बरा आला म्हणून पाठवला. पंधरा दिवसांनी फाइल परत, शेरा काय तर नंबरातला 8 हा 3 सारखा दिसतो. पुन्हा मॅट काढली. ज्या गाडीची सगळी माहिती वाहन पोर्टलवर आहे, इंजिन नंबरपासून इन्शुरन्स कधी संपतो इथपर्यंत देशातल्या कुठल्याही आरटीओत स्क्रीनवर दिसते, तिच्यासाठी आम्ही अंधारात पेन्सिल घासत बसलो होतो. चोरीची गाडी नाही ना हे बघायला तपासणी हवी हे मला पटतं, आणि नवीन राज्यात गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवावी लागतेच, इन्स्पेक्टर स्वतः नंबर ताडून बघतात. मग एकदा तिथे बघणारच आहेत तर त्यासाठी आधी फाइल परत का पाठवायची?

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कलम 48 मध्ये लिहिलंय की एनओसीच्या अर्जावर तीस दिवसांत नकार कळवला नाही तर ती दिली असंच धरायचं. मी खिडकीवर हे कलम दाखवलं तर समोरच्यांनी शांतपणे सांगितलं की मॅडम सिस्टिममध्ये एनओसी दिसल्याशिवाय पुढचं आरटीओ फाइल उघडणारच नाही. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांच्या कॉम्प्युटरला ते कलम शिकवलेलंच नाहीये. हे करता येण्यासारखं आहे, एकतिसाव्या दिवशी एनओसी आपोआप निघाली पाहिजे, बस.

आता मूळ दुखणं, टॅक्स. इथे आल्यावर फॉर्म 27 भरला, गाडी दाखवली, आणि गाडीच्या वयाप्रमाणे टॅक्स निघाला सत्तर हजारांच्या आसपास. तो भरल्याशिवाय नंबर नाही. मी काही तक्रार न करता भरला, कारण इथले रस्ते वापरणार तर इथे टॅक्स भरायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण पहिल्या राज्याला मी पंधरा वर्षांचा टॅक्स दिला होता आणि गाडी तिथे चारच वर्षं राहिली. उरलेल्या अकरा वर्षांचे पैसे परत मागायचा अधिकार आहे, पण तो कधी? तर नवीन राज्यात पूर्ण टॅक्स भरून, नवीन आरसी हातात आल्यावर, तिची प्रत जोडून जुन्या आरटीओकडे अर्ज करायचा. म्हणजे नोकरी बदललेली, नव्या घराचं डिपॉझिट भरलेलं, मुलाच्या शाळेची ॲडमिशन फी भरलेली, आणि त्याच वर्षभरात एकाच गाडीच्या त्याच वर्षांसाठी दोन राज्यांकडे आपले पैसे. माझ्यासारख्या पगारदाराला ते जड गेलं, ज्याने जुनी गाडी घेऊन छोटा धंदा सुरू केलाय त्याचं काय होत असेल!

रिफंडच्या अर्जाचं सांगायचं तर एकदा मूळ पावती हवी म्हणाले, ती दिली, मग बँक खातं त्याच नावाचं असल्याचा रद्द केलेला चेक, तो दिला, मग सही जुळत नाही, स्वतः या. रेल्वेने एक रात्र जायचं, एक रात्र यायचं, मधला दिवस खिडकीपुढे. माझ्या बाकावर शेजारी एक निवृत्त गृहस्थ बसले होते, मुलीजवळ राहायला दुसऱ्या राज्यात गेलेले, त्यांची ही तिसरी खेप. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद, प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स, वर पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. ते म्हणाले, आता जेवढे पैसे मिळायचेत त्यातले बरेच तिकिटातच गेले, पण सोडायचे नाहीत. मला फार वाईट वाटलं ते ऐकून. कितीतरी लोक तर कंटाळून सोडूनच देत असतील, ते पैसे कुठे जातात?

लोक म्हणतात बीएच, म्हणजे भारत सीरीजचा नंबर घ्यायचा ना. ती योजना चांगलीच आहे. 26 ऑगस्ट 2021 ला अधिसूचना निघाली, 15 सप्टेंबरपासून लागू झाली, त्यात टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, दहा लाखांपर्यंतच्या गाडीला 8 टक्के, वीसपर्यंत 10, त्यावर 12, डिझेलला दोन टक्के जास्त आणि इलेक्ट्रिकला दोन टक्के कमी अशा हिशोबाने, आणि राज्य बदललं तरी नंबर बदलायचा नाही. नंतर डिसेंबर 2022 मध्ये आधी रजिस्टर झालेल्या गाड्यांनाही तो घ्यायची सोय केली. पण तो मिळतो कुणाला? सरकारी कर्मचारी, लष्करातले, सरकारी कंपन्यांमधले, आणि खाजगीत असाल तर तुमच्या कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत हवीत. माझ्या कंपनीची दोन राज्यांत आहेत. शिक्षक खाजगी शाळेतला असेल, कुणी स्वतःचं दुकान हलवलं असेल, कुणी लग्न होऊन दुसऱ्या राज्यात गेली असेल, कुणी आजारी आईबापांकडे परत आलं असेल, यांच्यापैकी कुणाला ती सोय नाही. राज्य काय फक्त मोठ्या कंपन्यांचे लोकच बदलतात का? दोन वर्षांचा टॅक्स घेऊन चालतं हे सरकारने एकदा मान्य केलंय, तर ते सगळ्यांना चालू द्या, हप्त्याहप्त्याने भरणारा एकरकमी भरणाऱ्यापेक्षा कमी प्रामाणिक नसतो.

वाहनांवरचा टॅक्स हा राज्यांचा विषय आहे, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली 57 वी नोंद, हे मला मान्य आहे आणि राज्यांनी आपला हक्क का सोडावा. पण त्याच अनुसूचीत समवर्ती सूचीच्या 35 व्या नोंदीत असंही आहे की अशा वाहनांवर टॅक्स कुठल्या तत्त्वांवर बसवायचा ते केंद्रालाही ठरवता येतं. म्हणजे दर राज्यांचे राहू देत, पण गाडी गेली की उरलेल्या वर्षांचा टॅक्स तिच्या मागोमाग जाईल एवढं तत्त्व ठरवायला काय हरकत आहे? 2017 पासून जीएसटीत हेच चाललंय, माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला की टॅक्स जिथे माल वापरला जातो त्या राज्याला पोचतो आणि केंद्र-राज्यं आपसात हिशोब मिटवतात, दुकानदाराला एका राज्यातून पैसे सोडवून दुसऱ्यात भरायला कुणी पाठवत नाही. गाडीचं पण तसंच करा. एनओसी निघाली त्याच दिवशी जुन्या राज्याने उरलेली रक्कम पोर्टलवर दाखवावी, नवीन राज्याने ती वजा करून फरक घ्यावा, आणि दोन्ही राज्यांनी नंतर आपसात बघून घ्यावं. फरक आमच्यावर निघाला तर आम्ही भरू, कुणी नाही म्हणत नाही.

माझ्या रिफंडच्या अर्जाला येत्या महिन्यात पंधरा महिने होतील. परिवहन खात्यातलं कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगा, अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते घरबसल्या दिसेल आणि सहीसाठी माणसाला एक रात्र प्रवास करायला लावणार नाही, हे कधी होणार? आणि ज्या वाचकाने ते पत्र लिहिलं होतं त्यांना माझी विनंती आहे, पुढच्या वेळी बाहेरच्या नंबरची गाडी दिसली तर आधी विचारा की इथे येऊन किती दिवस झाले, कदाचित तिचा मालक त्याच दिवशी एनओसीच्या खिडकीवरून परत आलेला असेल.

आपली,
एक नियमित वाचक