पोरीच्या हातातली बंदूक तेवढी दिसली

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका सद्गृहस्थांचे पत्र वाचले. कोवळ्या मुली मारधाड करतात असे चित्रपट हे पाश्चात्त्यांचे नवे खूळ आहे आणि त्याने आपल्या पोरी बिघडतील, असा एकंदर सूर होता. उदाहरण दिले होते २०११ च्या ‘हाना’चे. चित्रपट निवडला तोही नेमका असा, की पत्रातला मुद्दा त्याला लागूच पडत नाही.

आधी ‘नवे’ या आरोपाचे बघू. मुंबईत होमी वाडियांनी ‘हंटरवाली’ काढला तो १९३५ साली. त्यात ‘फिअरलेस नादिया’, म्हणजे ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स, हातात चाबूक घेऊन दुष्टांना लोळवत होती, आणि प्रेक्षकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला होता. पोरी बिघडायच्या असत्या तर आमच्या आज्यांच्या काळातच बिघडल्या असत्या.

आता ‘हाना’. जो राइट यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात सर्शा रोनान ही जेमतेम सोळा वर्षांची मुलगी नायिका आहे. फिनलंडच्या बर्फाळ रानात बाप तिला एकटीला वाढवतो. शिकार, मारामारी, चार-पाच भाषा आणि रटून घेतलेली खोटी जीवनकथा, सगळे शिकवतो. बाहेरच्या जगात एक गुप्तचर अधिकारी बाई (केट ब्लँचेट) तिच्या मागावर असते. पण पाठलाग सुरू होतो तो या मुलीने स्वतः, ठावठिकाणा कळवणाऱ्या एका यंत्राची कळ दाबल्यावर. बाप पर्याय समोर ठेवतो, दाबायचे की नाही ते ती ठरवते.

मला सर्वांत भिडलेला प्रसंग मोरोक्कोतल्या एका साध्या हॉटेलच्या खोलीतला आहे. आयुष्यात विजेचा दिवासुद्धा न पाहिलेली ही पोरगी तिथे एकटी असते. ट्यूबलाइट फडफडते, वर पंखा फिरतो, किटली उकळते, टीव्ही बडबडू लागतो आणि सशस्त्र माणसांना न घाबरणारी मुलगी त्या गोंगाटाने पार भेदरून जाते. पुढे गाडीतून फिरणाऱ्या एका इंग्रज कुटुंबात ती शिरते. तिथल्या समवयस्क मुलीशी मैत्री कशी करायची, हे तिला बापाने शिकवलेलेच नसते. बापाने शत्रू ओळखायला शिकवले, मैत्रीण ओळखायला नाही. पत्रलेखकांना यात पोरीच्या हातातली बंदूक तेवढी दिसली. हा चित्रपट पाहून कोणा मुलीला ‘आपणही असेच व्हावे’ असे वाटेल, हे मला पटत नाही. बापांना मात्र थोडे अस्वस्थ वाटू शकेल.

उलट काळजी करायची तर आपल्या हिंदी चित्रपटांची करावी. आपल्याकडे बाईने हात उचलायचा तर आधी तिच्यावर, नाहीतर तिच्या बहिणीवर, पडद्यावर सविस्तर अत्याचार व्हावा लागतो. तो परवाना मिळाला की मग तिने बदला घ्यायचा. ‘हाना’तही आईच्या खुनाची पार्श्वभूमी आहे, पण मुलीला छळताना रेंगाळून पाहणारा कॅमेरा त्यात नाही.

लहान मुलांनी काय पाहावे हा प्रश्न खरा आहे, ते मी नाकारत नाही. आता यूए प्रमाणपत्रात ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या आल्या आहेत. पण त्या पालकांच्या माहितीसाठी असतात, थिएटरच्या दारावर कोणी पोराचा जन्मदाखला मागत नाही. पोस्टरवरचा तो बारीक आकडा घरच्यांनीच वाचायचा असतो.

जाता जाता आमच्या गोमंतकीय दिग्दर्शकांना एक विनंती. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आपल्या पणजीत भरतो, जगभरचे थरारपट इथे येऊन जातात. आणि गोव्यात घडणारा थरारपट म्हटला की तीच किनाऱ्यावरची पार्टी, तीच अमली पदार्थांची पुडी आणि तोच परदेशी माफिया! ‘हाना’चा शेवट बर्लिनमधल्या बंद पडलेल्या करमणूक उद्यानात चित्रित झाला आहे. आपल्याकडे बंद जागांचा दुष्काळ आहे का? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण परवान्यांचे नूतनीकरण रद्द केले, त्यानंतर डिचोली-सांग्यातल्या किती खाणी ओस पडल्या. ते लाल डोंगर, पाण्याने भरलेले खंदक, गंजके पट्टे आणि मशिनरी. सत्तरी तालुक्यातली एखादी रान पायाखालचे असलेली पोरगी तिथे पळताना दाखवा की. तिच्यामागे कोण लागले असेल, हे खाणपट्ट्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागणार नाही.

आपली नम्र,
एक वाचक,
कुर्टी, फोंडा