'अरुषा' तुरीचं मूळ गाव

संपादक महोदय,

आयात तुरीच्या बातम्यांत 'आफ्रिकेची तूर' एवढंच छापून येतं. आमच्या लातूरच्या बाजारात त्यातल्या टांझानियाच्या तुरीला 'अरुषा' म्हणतात. तिचं एक माहेर म्हणजे उत्तर टांझानियातला बाबाती जिल्हा. २००२ पर्यंत तो अरुषा प्रांतातच होता, आता मन्यारात आहे. महाखचदरीचा (ग्रेट रिफ्ट व्हॅली) हा मुलूख. क्वारा डोंगर, पायथ्याजवळ पाणघोड्यांचं तळं. गोरोवा, इराक्व (इराकशी काही संबंध नाही!) आणि रंगी लोक शेती करतात, बाराबाईग गुरं राखतात. तूर पेरतात मक्याच्या ओळींत. मका निघाला तरी ती रानात उभीच, आपल्याकडे सोयाबीननंतर राहते तशी. मक्याची उगाली घरात शिजते, 'म्बाझी' म्हणजे तूर मात्र बरीचशी विकायला.

ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तूर आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली आणि तिकडचे भाव कोसळले. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली. आयातीने आमचा भाव पडतो, हे मीही आडतीवर बोलतो. पण तिकडचा तूरवालाही दिल्लीच्याच आदेशाकडे डोळे लावून बसतो, हे छापायला काय हरकत आहे?

– एक तूर उत्पादक, लातूर