‘कोणी केलं’ हा प्रश्नच पथकाच्या हाती दिला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीरियावरच्या आपल्या लेखावर आलेली दोन वाचकपत्रं वाचली. दोन्हींचा सूर एकच होता : यादवी युद्धात विषारी वायू कोणी सोडला हे कधीच कळत नाही, दोन्ही बाजू खोटं बोलतात, मग आपण कशाला त्यात पडायचं? पत्रं प्रामाणिक होती, म्हणूनच ती वाचून जास्त वाईट वाटलं. माझी २८ वर्षं एका जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत, क्लोरीनच्या शेजारी गेली. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्याकडे एका पहाटे क्लोरीनच्या टाकीच्या व्हॉल्व्हमधून गळती झाली. काठीला अमोनियात भिजवलेला बोळा बांधून आम्ही तो एकेका जोडाजवळून फिरवला. जिथे क्लोरीन निसटत असतो तिथे पांढरा धूर उठतो. गळती सापडली, थांबली. दहा वाजता साहेब आले तेव्हा हवेत वासही उरला नव्हता. वाऱ्याच्या बाजूच्या लिंबाची पानं करपून पांढुरकी झाली होती आणि खिडकीच्या गजांवर ताजा गंज होता, एवढाच काय तो पुरावा. पुढे चौकशी झाली आणि अहवालात ‘गळती झाली’ असं आलं. व्हॉल्व्ह सैल कोणी ठेवला हे आलं नाही, कारण चौकशीच्या आदेशात तो मुद्दाच नव्हता. रात्रपाळीच्या एका माणसावरचा संशय मात्र तो निवृत्त होईपर्यंत फिटला नाही.

सीरियात हेच घडलं, आणि तिथे माणसं मेली होती.

२१ ऑगस्ट २०१३च्या पहाटे दमास्कसजवळच्या, बंडखोरांच्या ताब्यातल्या घौता भागात सारिन हे मज्जासंस्था बंद पाडणारं विष भरलेली रॉकेटं पडली. स्वीडनचे ओके सेलस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखालचं संयुक्त राष्ट्रांचं पथक तेव्हा दमास्कसमध्येच होतं. ते आलं होतं मार्चमध्ये अलेप्पोजवळच्या खान अल-असल गावात झालेल्या विषारी वायूच्या घटनेच्या चौकशीसाठी, आणि त्या चौकशीची मागणी खुद्द सीरिया सरकारनेच केली होती. घौता तिथून काही किलोमीटरवर. तरी पथकाला आत जायला २६ तारीख उजाडली, आणि वाटेत त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. तशाही परिस्थितीत त्यांनी रक्ताचे, लघवीचे, मातीचे नमुने घेतले, रॉकेटचे सांगाडे मोजले, ते कोणत्या कोनात रुतले तेही टिपलं. १६ सप्टेंबरचा त्यांचा अहवाल शंकेला जागा ठेवत नाही : सारिन होतं, जमिनीवरून डागलेल्या रॉकेटांमधून आलं होतं. डागणाऱ्याचं नाव मात्र त्यात नाही. वापर झाला की नाही एवढंच पाहायचं, वापर कोणी केला हे पाहायचं नाही, अशी मर्यादा घालूनच त्यांना पाठवलं होतं.

मग जे पथकाने करायचं ते बाहेरचे लोक करू लागले. अहवालातले कोन घेऊन कोणी नकाशावर रेघा ओढल्या, त्या लष्कराच्या एका तळावर जाऊन मिळतात असं दाखवलं. थिओडोर पोस्टल आणि रिचर्ड लॉइड या दोन अमेरिकी तज्ज्ञांनी मोठ्या, ३३० मिलिमीटरच्या रॉकेटचा पल्ला जेमतेम दोन किलोमीटर असल्याचं गणित मांडलं. म्हणजे त्याहून बऱ्याच दूरच्या तळापासूनची ती रेघ लंगडी पडली. मृतांचा आकडाही एक नव्हता. अमेरिकेने १,४२९ सांगितला, तर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने आपण मदत करत असलेल्या तीन रुग्णालयांत ३५५ मृत्यू नोंदवले. हे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत, कारण एक अंदाज सगळ्या भागाचा आहे आणि दुसरी मोजणी तीन रुग्णालयांची. पण वाचणाऱ्याला एवढंच दिसतं की आकडेही जुळत नाहीत. तिथून ‘काहीच खरं नाही’ म्हणायला वेळ लागत नाही.

गुन्हेगार ओळखणं अवघड असतं हे मी नाकारत नाही. माझ्याच क्लोरीनचं घ्या. तो पाणी शुद्ध करायला सगळीकडे लागतो, त्यामुळे कोणाकडे सापडला म्हणून तो दोषी ठरत नाही. तो विरून जातो. तो हवेच्या अडीचपट जड, म्हणून खोलगट जागी उतरतो. बॉम्बहल्ल्यात माणसं तळघराकडे धावतात आणि हा वायू त्यांच्यामागून तिथेच जातो. सारिन तेवढा मुका नसतो. तो मोडला तरी त्याची मोडतोड मातीत काही काळ राहते, आणि तो बनवताना काय मिसळलं याच्या खुणाही राहतात. पण नमुना कोणी उचलला, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची साखळी तुटली, की प्रयोगशाळेचं अचूक उत्तरसुद्धा लंगडं पडतं. ज्याच्या ताब्यात गाव आहे त्याला पुरावा जाळता येतो, पेरता येतो, किंवा पथकाला नुसतं चार दिवस थांबवून ठेवता येतं. आणि बंडखोर सगळे साधू होते असंही नाही. खान अल-असलमध्ये मेलेल्यांत सरकारी सैनिक होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या डिसेंबर २०१३च्या अहवालाने तिथेही रासायनिक अस्त्र वापरलं गेल्याकडे बोट दाखवलं.

तरीही उत्तर काढता येतं. ऑगस्ट २०१५मध्ये सुरक्षा परिषदेने संयुक्त राष्ट्रं आणि हेगची रासायनिक अस्त्रबंदी संघटना यांची संयुक्त तपास यंत्रणा नेमली, आणि तिला पहिल्यांदाच नाव घेण्याचा अधिकार दिला. तिने काय केलं पाहा. तलमेनेस आणि सर्मीन या गावांवरचा क्लोरीन सरकारी हेलिकॉप्टरमधून पडला असं तिने म्हटलं. आकाशातून टाकण्याचं साधन त्या युद्धात कोणाकडे होतं आणि कोणाकडे नव्हतं हे तपासता येतं. त्याच यंत्रणेने मारिया गावातल्या मस्टर्ड वायूसाठी (हा कातडी भाजून काढतो) ‘इस्लामिक स्टेट’ला दोषी धरलं. एकाच कागदावर दोन्ही बाजूंची नावं आली. पुढे खान शेखून हे गाव. ४ एप्रिल २०१७, ८०हून अधिक मृत. तिथल्या सारिनमधल्या खुणा सीरियाच्या मूळ साठ्यातल्या कच्च्या रसायनाशी जुळल्या. हा अहवाल २६ ऑक्टोबरला आला, आणि त्याच्या दोनच दिवस आधी रशियाने यंत्रणेची मुदत वाढवण्याच्या ठरावावर नकाराधिकार वापरला. नोव्हेंबरमध्ये आणखी दोनदा वापरला. यंत्रणा बंद झाली.

दोषी सापडत नाही, असं म्हणणाऱ्या वाचकांना माझा एवढाच प्रश्न आहे : सापडू लागल्यावर तपास कोणी बंद केला?

पाश्चात्त्य देशांनाही मी सोडत नाही. १९८८मध्ये इराकमधल्या हलब्जा गावात सद्दाम हुसेनच्या फौजांनी हजारो कुर्दांना वायूने मारलं, तेव्हा इराक अमेरिकेच्या सोयीचा होता. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने लगेच इराणकडेही बोट दाखवलं. २००३मध्ये त्याच इराकमध्ये नसलेली अस्त्रं असल्याचं जगाला सांगितलं गेलं. म्हणून पुढे २०१३ साली लोकांनी अमेरिकेच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्यात लोकांची चूक नव्हती. दमास्कसजवळच्या दूमा गावाच्या बाबतीतही घाई झालीच. ७ एप्रिल २०१८ला तिथे हल्ला झाला आणि १४ तारखेला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सची क्षेपणास्त्रं सुटली. हेगचे निरीक्षक प्रत्यक्ष जागेवर पोहोचले २१ तारखेला.

दूमावर थोडं थांबतो, कारण तिथला वाद सगळ्यात कडवट आहे. एका गच्चीवर क्लोरीनचा एक पिवळा सिलिंडर, दुसऱ्या घरात पलंगावर दुसरा. संघटनेतल्याच एका अभियंत्याचं टिपण फुटलं. सिलिंडर वरून पडले नसून कोणी तरी आणून ठेवले असण्याची शक्यता त्याला जास्त वाटत होती. ही शंका मी खिल्ली न उडवता वाचली. अशी शंका घेणं हे अभियंत्याचं कामच आहे. पण उत्तरही वाचलं पाहिजे. पाइनच्या लाकडाला क्लोरीन लागला की त्यात बॉर्निल क्लोराइड तयार होतं, आणि ते सिलिंडरजवळच्या लाकडाच्या नमुन्यात सापडलं. हवा विसरली तरी लाकडाने ते धरून ठेवलं होतं, आमच्या लिंबाच्या पानांसारखं. संघटनेच्या तपास पथकाने सिलिंडर आणून ठेवल्याची शक्यताही तपासली, आणि जानेवारी २०२३च्या अहवालात निष्कर्ष दिला : दुमेर तळावरून निघालेल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने ते टाकले, ४३ माणसं मेली. जवळजवळ पाच वर्षं लागली. तोवर हेलिकॉप्टर पाठवणारे सत्तेत होते.

हे पथक तरी कसं उभं राहिलं? जून २०१८मध्ये हेगला मतदान झालं : दोषीचं नाव घेण्याचा अधिकार या संघटनेला द्यायचा का. ८२ विरुद्ध २४ मतांनी ठराव संमत झाला. त्या २४ देशांत रशिया, इराण, सीरिया होते, आणि आपला भारतही होता. ज्या देशाने आपला स्वतःचा मस्टर्ड वायूचा साठा जाहीर केला, निरीक्षकांसमोर नष्ट केला आणि २००९पर्यंत ते काम पुरं केलं, त्या देशाने हे मत दिलं याचं मला दुःख आहे. सरकारची कारणं असतील. पण आपल्याकडे त्यावर चर्चा होताना मी ऐकली नाही, म्हणून निदान आपल्या पानांवर ती व्हावी असं वाटतं.

डिसेंबर २०२४मध्ये सीरियाचे सत्ताधीश असद पळाले. संघटनेचे तेव्हाचे प्रमुख फर्नांडो आरियास त्यानंतर दोनच महिन्यांत दमास्कसला जाऊन आले. आता बंद दारं उघडतील, कागद बाहेर येतील, आणि पुन्हा बातम्या छापून येतील. माझी विनंती अशी की अशी बातमी देताना तीन गोष्टी बातमीतच लिहाव्यात : नमुने कोणी आणि घटनेनंतर किती दिवसांनी घेतले, ते कोणाच्या ताब्यातून आले, आणि तपास करणाऱ्यांना नाव घ्यायची मुभा होती की नव्हती. ही तिसरी ओळ वाचायला मिळाली असती, तर त्या दोन वाचकांनी कदाचित वेगळं पत्र लिहिलं असतं.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी