बाबा, मागाचा ठेका धरा

तीर्थरूप बाबा आणि प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

सोलापूरहून येऊन चार दिवस झाले, पण स्वयंपाकघराचा तो उंबरठा डोळ्यांपुढून जात नाही. बाबा, तुम्ही तिथे थबकलात. पाय फरशीला चिकटल्यासारखे. आई, तू घाबरून हात ओढलास आणि ते पुढे झुकले. मग मी लाटण्याने चौकटीवर खट-खट, खट-खट वाजवलं, तेव्हा बाबांचा उजवा पाय सुटला. "मागासारखं वाजतंय," म्हणालात. तीस वर्षं यंत्रमागावर काढलीत, तो ठेका अंगात मुरलाय.

पार्किन्सनच्या आजारात मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, कमी होतं, म्हणून आपसूक पडणारं पाऊल अडतं. कानावर ठेका पडला किंवा जमिनीवर आडवी रेघ दिसली, की पुष्कळदा ते सुटतं. उंबरठ्यापाशी मी पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्यात त्या याचसाठी. आई, त्या काढू नकोस. तिथली सतरंजी मात्र उचल, पाय अडकतो. आणि बाबा अडले की ओढायचं नाही. थांबायचं, ठेका द्यायचा.

आजाराच्या पहिल्या वर्षी "आराम करा" असं मीच सांगत होते. ते चुकलं. गोळ्यांनी अंग मोकळं होतं, पण तोल आणि पायांतली ताकद राखायला व्यायामच लागतो. आठवड्याला निदान 150 मिनिटं, थोडा दम लागेल असा. डॉक्टरांना विचारून हळूहळू वाढवा. सकाळची गोळी लागू पडली की हुतात्मा बागेत जा, ऊन चढायच्या आत परत या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने पाणी जातं, त्यात या गोळ्यांनी उठताना बी.पी. उतरतं; म्हणून आधी पाणी प्या, पलंगाच्या काठावर मिनिटभर बसा, मग उभे राहा. पाऊल लांब टाका, टाच आधी टेकवा, हात मुद्दाम झुलवा. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्या. चालताना फोनवर बोलणंही नको.

आई, शर्टाची बटणं त्यांची त्यांना लावू दे. दहा मिनिटं लागली तरी लागू देत. तुझा जीव तुटतो, मला कळतं. पण त्या बोटांनाही काम हवं.

शेजारच्या कारखान्यातल्या मागाचा आवाज मी मोबाइलवर घेऊन आले होते. बाबांच्या पावलाला झेपेल इतका संथ करून पाठवतेय. उद्या सकाळी दारातून निघताना लावून बघा आणि परत आल्यावर फोन करा. मी वाट बघतेय.

तुमची,
ताई