एक गाडी, दोन छपरं

श्टुटगार्ट
८ मार्च २०२६

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या जावयांनी स्टेटसला फोटो टाकला, आत्याने तो तुम्हाला दाखवला आणि माझं वर्षभर झाकून ठेवलेलं कोंबडं आरवलं. बाबा, परवा फोनवर तुम्ही एकच वाक्य बोललात, "सेकंड हॅन्ड गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं," आणि फोन आईकडे दिलात. आईने "छप्पर नाही म्हणे तिला?" एवढं विचारलं, तेवढ्यात नेट गेलं. पुन्हा फोन लावायचा धीर झाला नाही. आज रविवार आहे, घरात शांतता आहे, म्हणून बसून सगळं लिहिते. चष्मा लावा बाबा, पुढे आकडे आहेत.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. आई, छप्पर नाही असं नाही, चांगली दोन आहेत. एक कापडी, बटण दाबलं की आपोआप मागच्या पेटीत घडी होऊन जातं. दुसरं ॲल्युमिनियमचं, तीस-पस्तीस किलोंचं, थंडीत वरून बसवायचं. ते उचलायला दोन माणसं लागतात. बसायला मात्र दोनच जागा. हे ऐकून तू काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतंय.

गाडी मर्सिडीज एसएल २८०, १९९५ सालची. कंपनीच्या भाषेत आर १२९. हे मॉडेल १९८९ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा दाखवलं आणि २००१ पर्यंत ब्रेमेनच्या कारखान्यात बनत होतं. सहा सिलिंडर, २,७९९ सीसी, १९३ अश्वशक्ती. सीटांच्या मागे एक जाड पट्टी आडवी पडलेली असते. गाडी उलटतेय असं वाटलं तर ती सेकंदाच्या तीन दशांशात उभी राहते, म्हणजे डोकं वाचतं. आजची नवी एसएल लाख युरोंच्या वर जाते, त्या वाटेला आम्ही जाणारही नाही. ही साडेचौदा हजारांना मिळाली. तुमच्या हिशेबात साधारण साडेचौदा लाख.

आता बाबा, घेताना काय काय बघितलं ते ऐका, कारण त्यातलं निम्मं तुमचंच आहे. डेपोत डबा द्यायला यायचे तेव्हा तुम्ही पिटमध्ये उभे असायचात, वर लेलँड, आणि मला फक्त तुमची टोपी दिसायची. "गाडी आधी खालून बघायची, वरून सगळ्याच नवऱ्या मुली," हे तुम्ही कुणाला तरी सांगत होतात. मी आठवीत असेन. तेव्हा कळलं नव्हतं, पण विसरलेही नाही.

विकणारे आजोबा रॉयटलिंगेनजवळच्या एका खेड्यातले, निवृत्त शिक्षक. मी फोनवरच सांगितलं होतं की आम्ही यायच्या आधी इंजिन चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. मग स्टार्टर मारला आणि आधी धूर बघितला. निळा नाही, पांढरा नाही. इंजिनच्या मागच्या कोपऱ्यात हेड गॅस्केटजवळ तेल पाझरलेलं दिसलं. या इंजिनाचं ते घराण्याचं दुखणं आहे. थेंब पडत नव्हते, नुसता घाम. नव्वदच्या दशकातल्या या इंजिनांना दुसराही एक रोग आहे. इंजिनच्या वायरिंगवरचं वेष्टण काही वर्षांत कडक होतं आणि भाजलेल्या पापडासारखं तुकड्या-तुकड्यांनी सुटतं. वायरिंगचा तो सगळा जुडगा, म्हणजे हार्नेस, २००३ मध्येच बदलल्याचं बिल आजोबांच्या फायलीत होतं.

ती फाइल दाखवायला पाहिजे तुम्हाला. इथे सर्व्हिसच्या वहीला शेकहेफ्ट म्हणतात. तीस वर्षांचे शिक्के त्यात, आणि सोबत प्रत्येक बिल पंच करून लावलेलं. वायपरच्या रबराचंसुद्धा. दुसऱ्याचं दुखणं विकत घेतलं हे खरं आहे बाबा, पण केसपेपरसकट घेतलं.

रंग मोजायचं एक छोटं यंत्र आम्ही मित्राकडून मागून नेलं होतं. कारखान्यातला रंग शंभर-दीडशे मायक्रॉनच्या घरात भरतो. डाव्या दाराने तीनशेच्या वर दाखवलं, म्हणजे तिथे पुन्हा रंग दिलेला. मी वर बघितलं तर आजोबा हसत होते. "गॅरेजचा खांब. १९९८. बायको." त्या आजी तिथेच उभ्या होत्या, त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं की आईची आठवण झाली.

मग गाडी गावातल्या मेकॅनिककडे नेऊन लिफ्टवर चढवली. आणि मी बाबा, तुमच्यासारखी खाली जाऊन उभी राहिले. जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी, ब्रेकचे पाइप. जॅकच्या एका जागेला गंज होता, बोटाने दाबलं तर पत्रा टणक लागला. टायर दिसायला कोरे करकरीत, पण बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर २०१४ चे. अकरा वर्षांचं रबर. तिथेच पंधरा हजार नऊशेचे साडेचौदा हजार झाले. इथे घरगुती विक्रीत दोषांची जबाबदारी विकणाऱ्यावर नाही असं करारात लिहून घेतात आणि त्याने मुद्दाम काही लपवलं नसेल तर नंतर त्याच्या नावाने ओरडता येत नाही. दुकानदाराकडून घेतली असती तर किमान वर्षभराची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर राहिली असती, पण तशी गाडी चार-पाच हजारांनी महाग. आम्ही घरगुती घेतली.

गाडी का विकताय, हे विचारायचं राहिलंच होतं. निघताना विचारलं. आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि या गाडीची सीट फार खाली. त्यांनी बसून दाखवलं. बसल्या सहज. उठताना मात्र दाराच्या चौकटीला धरलं, मग आजोबांच्या कोपराला, मग परत चौकटीला. आजोबा काही बोलले नाहीत, नुसता हात पुढे धरून उभे होते.

इथवर मी तुमची शहाणी मुलगी. आता चूक सांगते.

छप्पर मी दोनदा उघडून-मिटून बघितलं, छान चाललं. पण ते हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालतं. डिकीत पंप आणि ठिकठिकाणी डझनभर छोटे सिलिंडर. आतली सील जुनी झाली की चिकट होऊन विरघळतात आणि तेल बाहेर येतं. सगळ्यात पुढचे सिलिंडर काचेच्या वरच्या चौकटीत, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या डोक्यावर. तिथलं सन व्हायझर खाली ओढून बघायला हवं होतं, तेलाचा डाग लगेच दिसला असता. सगळं खालून बघणाऱ्या मुलीने वर बघितलंच नाही.

जूनमध्ये आम्ही ब्लॅक फॉरेस्टच्या घाटरस्त्याने बाडेन-बाडेनहून फ्रॉइडेनश्टाटला चाललो होतो. दोन्ही बाजूंना फरची झाडं, वर निळं आकाश, आणि माझ्या कपाळावर टप्प. मला वाटलं पाऊस. बोट लावलं तर तेल. वार शनिवार होता. जावई म्हणाले, "बरं झालं, तुझी साडेसाती उतरली." पुढच्या गावात खराखुरा पाऊस आला, मी बटण दाबलं आणि छप्पर निम्म्यावर येऊन थांबलं. वरच्या वर, हात वर करून उभ्या राहिलेल्या शाळकरी पोरासारखं. पेट्रोल पंपाच्या शेडखाली एक तास काढला. पुस्तिकेत हाताने मिटवायची रीत दिली आहे, ती वाचत-वाचत शेवटी मिटवलं. तिथल्या एका बाईंनी आम्हाला कॉफी आणून दिली आणि त्यांच्या दिवंगत नवऱ्याच्या गाडीची गोष्ट सांगितली. जुन्या गाडीचं हे एक आहे, ती बंद पडली की लोक जवळ येतात.

एका मोठ्या वर्कशॉपने सगळे सिलिंडर नवे टाकायचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मी थँक यू म्हणून फोन ठेवला. मग आमच्या गल्लीमागचा एक म्हातारा ग्रीक मेकॅनिक सापडला. त्याने सिलिंडर काढले, नवी सील टाकायला बाहेर पाठवले आणि तीन आठवड्यांनी परत बसवले. जुनं सील त्याने माझ्या तळहातावर ठेवलं. काळं, मऊ, पावसाळ्यात कागदाला चिकटलेल्या गुळासारखं. बोटांना लागलेलं साबणाने गेलं नाही. तुम्ही रॉकेलने हात धुवायचात तसे पेट्रोलने धुतले आणि दिवसभर हाताला तुमचा वास येत राहिला.

आता पहिल्या वर्षाचा हिशेब, लपवालपवी न करता. टायर ६४० युरो. छपराचं काम १,४५०. तेलं, पट्टा, ब्रेक ऑइल, बाकी सर्व्हिस ७८०. गॅरेजचं भाडं महिना ८५, म्हणजे १,०२०. विमा आणि कर मिळून ४३०. एकूण ४,३२०. पेट्रोल वेगळं, शंभर किलोमीटरला अकरा-बारा लिटर पिते. आई, इथे थांब, पाणी पी. दर वर्षी एवढं येणार नाही, पण काहीच येणार नाही असं मी म्हणत नाही. गाडीच्या किमतीचा दहावा हिस्सा दर वर्षी वेगळ्या खात्यात टाकते, आणि तो संपला की त्या वर्षी गाडी गॅरेजातच उभी राहील असं आमचं दोघांचं ठरलंय.

आपली पद्मिनी आठवते? तिचा कार्बोरेटर रविवारी दुपारी वर्तमानपत्रावर पसरलेला असायचा आणि आई तिला "तुमची ती सवत" म्हणायची. पंधरा वर्षांचं पासिंग संपलं तेव्हा पुन्हा आरटीओ, हरित कर, आणि शेवटी तुम्ही ती भंगारात दिलीत. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नव्हता. इथे उलटं आहे. गाडी तीस वर्षांची झाली आणि मूळ रूपात नीट राखलेली असली की तपासणी करून तिला नंबरच्या शेवटी एच अक्षर देतात. ऐतिहासिक वाहन. मग इंजिन केवढंही असो, कर वर्षाला १९१ युरो ७३ सेंट, ठरलेला. आमच्या गाडीला तीस झाली गेल्या जूनमध्ये, एच मिळाला ऑक्टोबरमध्ये. शिवाय नंबर प्लेटवर उजवीकडे ०४ आणि १० असे आकडे आहेत, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबरच रस्त्यावर. विमा-कर तेवढ्याच महिन्यांचा. नोव्हेंबरपासून ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी केलेलीही चालत नाही, म्हणून ते गॅरेजचं भाडं.

थंडीत तिचं फार काही करायचं नसतं. टायरमध्ये हवा थोडी जास्त, बॅटरीला बारीक चार्जर, आणि कापडी छपराला हात लावायचा नाही. मागच्या खिडक्या प्लॅस्टिकच्या आहेत, थंडीत घडी केली तर तडकतात. ओलं छप्पर पेटीत घातलं की बुरशी येते, तेव्हा आधी कोरडं करायचं. पावसाचं पाणी जायला कडेला भोकं असतात, त्यात पानं अडकली की पाणी पायाखाली येतं. मी नायलॉनची दोरी घालून साफ करते, मोरीसारखी. दारांच्या रबरांना इथले लोक हरणाच्या चरबीची कांडी फासतात. आई, घाबरू नकोस, मी ग्लिसरीन लावते.

तुझा प्रश्न येणारच, की परत येताना ही तिकडे आणणार का. नाही. स्टीअरिंग डावीकडे आहे, तशी जुनी गाडी आपल्याकडे आणू देत नाहीत. ती इथलीच.

मी वर्षभर का सांगितलं नाही ते विचारू नका. तुम्ही पद्मिनीसाठी पीएफमधून पैसे काढले होते, आणि माझी ही हौस आहे, गरज नाही. ते बोलून दाखवायची लाज वाटत होती.

तुमची तिकिटं १२ मेची आहेत. ॲल्युमिनियमचं छप्पर आम्ही एप्रिलच्या पहिल्या शनिवारी काढून गॅरेजच्या छताला पट्ट्यांनी टांगून ठेवू, म्हणजे तुम्ही उचलायला येऊ नका बाबा, पाठ सांभाळा. जागा दोनच असल्यामुळे पाळीपाळीने बसायचं. पहिली पाळी आईची. नेकर नदीच्या काठाने जाऊ, वेग कमी ठेवू, मागे वारा अडवायची जाळी आहे, तरी डोक्याला रुमाल बांध. आई, सीट खाली आहे. बसशील तू सहज. उठताना माझं कोपर धर, मी तुझ्या बाजूला येऊन उभी राहीन, आधी पाय बाहेर काढायचे आणि मग उठायचं. त्या आजींनी मला दाखवलंय.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, तुमचा तो लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन या, मूठ कानाला लावून इंजिन ऐकायचात तो. पुढच्या बाजूने एक बारीक किरकिर येते. ग्रीक म्हणतो पट्ट्याचा रोलर, मला पंपाचं बेअरिंग वाटतं. चेक-इनच्या बॅगेत ठेवा, हातातल्या पिशवीत नको, विमानतळावर काढून घेतील.