योग म्हणजे नुसती आसनं नाहीत हो

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात योगावर काही आलं की शेजारी फोटो हमखास कुणीतरी पाय डोक्यामागे घेतलेल्याचा असतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं हे आपलं काम नाही. पतंजलींची योगसूत्रं 196 आहेत (काही प्रतींत 195), त्यात आसनाचं सांगणारी जेमतेम 3, दुसऱ्या पादातली (म्हणजे प्रकरणातली) 46 ते 48. खरी झटापट मनाशी आहे. व्याख्या तर दुसऱ्याच सूत्रात देऊन टाकलीय, चित्तवृत्तींचा, म्हणजे मनाच्या हालचालींचा, निरोध (थांबणं) म्हणजे योग.

आता निरोध म्हटलं की वाटतं विचार दाबून टाकायचे. मीही तेच करायचो. सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, आणि आदल्या दिवशी मीटिंगमध्ये कुणी टोमणा मारलेला असायचा त्याला काय सुनवायला हवं होतं याची रिहर्सल सुरू, मग साधी दहा मिनिटं पण जमत नाहीत म्हणून स्वतःवरच चिडचिड, मग त्या चिडचिडीचाच विचार. नंतर वाचलं की पतंजलींनी आठवणीलासुद्धा पाच वृत्तींत धरलंय, झोपेलाही. म्हणजे मन हे उद्योग करणार हे गृहीतच! उपाय अभ्यास (म्हणजे सराव) आणि वैराग्य, आणि अभ्यास कसा तर दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने. यातला आदर आपण गाळतो, कारण शिस्त म्हणजे स्वतःला झापणं हेच डोक्यात बसलेलं. गीतेच्या सहाव्या अध्यायातही मन आवरणं अवघड आहे हे कृष्ण आधी कबूल करतो, मग हेच दोन उपाय सांगतो.

रोजच्या कामाची गोष्ट म्हणजे प्रतिपक्षभावना. राग, लोभ, मोह यातून विचार उठला की त्याचं फळ आधीच बघायचं. रात्री रागात टाइप केलेला लांबलचक मेसेज, अंगठा सेंडवर, तेवढ्यात विचारायचं की हा गेला तर उद्या काय. माझे तीन मेसेज असे ड्राफ्टमध्येच राहिले, एक मात्र गेलाच, त्याचं अजून निस्तरतोय.

तर आसनांच्या फोटोशेजारी कधीतरी यम-नियमांवर, म्हणजे इतरांशी आणि स्वतःशी कसं वागावं यावर पण चार ओळी छापा ना. त्याला फोटो मिळणार नाही हे मान्य.

बाकी आज सकाळी मन आठ वेळा पळालं, आठही वेळा न चिडता परत आणलं, नवव्यांदा पळालं तेव्हा तुम्हाला हे पत्र लिहायचं सुचलं.

आपला,
एक नियमित वाचक